पायाळूचा पाय

मी पायाळू जन्मले. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याने न येता पायाने आले. आमच्याकडे अशा माणसाच्या पायाला मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकलेलं माणूस सरळ होईना, की पायाळूला बोलावणं येतं. उसण भरलेल्या माणसाने पाठ करून बसायचं आणि पायाळूने उजव्या पायाने त्या पाठीला तीनदा स्पर्श करायचा. हे मी पोरवयापासून करत आले. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबाईंनी चार दिवसांत सगळ्या आळीला सांगून टाकलं. पाचव्या दिवशी दारात एक म्हातारे गृहस्थ कमरेला हात लावून उभे होते.

मला चारचौघांत बोलायची लाज वाटते. पण पाय लावायला बोलावं लागत नाही. पदर पुढे ओढायचा, पाय लावायचा आणि लगेच त्या माणसाच्या पाया पडायचं. समोरचं माणूस म्हातारं असो नाहीतर शाळकरी पोर, पाया पडायचंच. माणसाला पाय लागला की त्याच्या पाया पडायचं, हे आईने शिकवलं होतं. गुण येतो का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. ज्यांना आला ते सांगायला येत, ज्यांना नाही आला ते दवाखान्यात जात.

तीन वर्षांमागे कांद्याच्या रानात खुरपून परत निघाले होते. वरंब्यावरून चालताना हाच उजवा पाय सरीत गेला आणि बाहेरच्या अंगाला दुमडला. सुकी काडी मोडावी तसा आवाज आतून आला. घोटा आधी लिंबाएवढा झाला आणि दिवस मावळेपर्यंत वांग्यासारखा निळा पडला. आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप घातला, विटेचा शेक दिला, एकाकडून चोळून घेतलं. पंधरा दिवसांत सूज उतरली आणि मी कामाला लागले. लचकला होता, बरा झाला, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

पण त्यानंतर तो पाय मला न विचारता दुमडायला लागला. खड्डा नसायचा, दगड नसायचा. अंगणात, एसटीच्या पायरीवर, एकदा तर देवळात प्रदक्षिणा घालताना. घोटा बाहेर वळायचा आणि मी खाली. उठायचे, कुणी पाहिलं का ते बघायचे आणि चालू लागायचे. दुखायचं कमी, लाज जास्त वाटायची.

मोठ्या जाऊबाई भिंतीला भिंत लावून राहतात. तोंडाने तिखट, पण अडीनडीला पहिल्या धावून येणार. त्या म्हणायच्या, “काय बाई तुझा पाय. गावाची उसण काढतो आन घरच्या बाईला आडवी पाडतो.”

मी हसायचे. दुसरं काय करणार.

मग गेल्या वर्षी थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता. ती आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गोठ्यातून दुधाची किटली घेऊन येत होते आणि तिच्या डोळ्यांदेखत पडले. किटली लांब घरंगळत गेली. लेक पोट सावरत धावत आली. मी म्हटलं, “काय न्हाई झालं, रोजचं हाय.”

ती म्हणाली, “रोजचं हाय?”

मी किटली उचलायला गेले.

संध्याकाळी भाकरी करताना ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “आई, राग नको धरू. बाळ झाल्यावर तू त्याला बसूनच घे. उभ्यानं घेऊन चालायचं नाही. आंघोळीला न्यायला मोठ्या आईला सांगू.”

मोठी आई म्हणजे जाऊबाई. आमची न्हाणी घराच्या मागे, अंगणापलीकडे आहे. दारातून तीन पायऱ्या उतरायच्या आणि अंगणातल्या फरश्यांवरून जायचं. त्या फरश्या कुठे वर आलेल्या, कुठे खचलेल्या. लेकीचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही असंच म्हटलं असतं. पण माझ्या लेकीचं मूल, आणि ते मी उचलून दहा पावलं न्यायचं नाही. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा मला कळलं की मी तिच्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीच मालकांना म्हटलं, “मला नगरला दाखवायला न्या.” लग्नाला तीस वर्षं होत आली, मी आपण होऊन दवाखान्यात न्या म्हणायची ही पहिलीच वेळ. ते बघतच राहिले.

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर नगर नगर असंच ओरडतात. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड चांगलं आहे म्हणाले आणि चिठ्ठी देऊन मागच्या खोलीत पाठवलं. तिथे व्यायाम शिकवतात. त्याला फिजिओथेरपी म्हणतात. मला तो शब्द नीट म्हणता यायला आठ दिवस लागले. जाऊबाईंनी घेतलाच नाही. त्या शेवटपर्यंत ‘फिजूलथेरपी’ म्हणाल्या.

त्या खोलीत एक तरुण मॅडम होत्या. माझ्या लेकीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील. मला उंच बाकावर बसवलं आणि त्या चाकाच्या स्टुलावर खाली बसल्या. मग त्यांनी माझा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. पांढरेशुभ्र कपडे, आणि त्यावर माझा भेगाळलेला पाय. मी ओढून घेतला. त्यांनी परत घेतला. मी परत ओढला.

“मावशी, पाय पळतोय कुठं?” त्या हसून म्हणाल्या. “सोडा सैल.”

मग त्यांनी करंगळीच्या बाजूला आपला तळहात लावला आणि म्हणाल्या, “आता माझा हात बाहेर ढकला. जोरात.”

मी ढकलला. म्हणजे मला वाटलं ढकलला.

“जोर लावा मावशी. सगळा जोर.”

मी दात आवळले, मांडी ताठ केली, आणि पाय त्यांच्या हातापाशी जाऊन थांबला. एका शिकलेल्या बाईच्या हाताला, आणि तोही मला बरं करायला पुढे केलेल्या हाताला, पायाने ढकलायचं. अंगातला जोर घोट्यापर्यंत येत होता आणि तिथेच थबकत होता. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते. दुसऱ्या पायाचंही तेच झालं. मग वर ढकला म्हणाल्या, आत ढकला म्हणाल्या. सगळीकडे मी तशीच.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला खोलीत चालवून बघितलं, परत बाकावर बसवलं, परत ढकलायला सांगितलं. मग कागदावर काही लिहून मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. परत येऊन मालकांशी बोलल्या. दोन्ही पायांत ताकद फारच कमी लागते आहे. नुसत्या घोट्याचं दुखणं असं दोन्हीकडे दिसत नाही. कमरेत नस दबली असेल. कमरेचा एमआरआय काढून आणा, तोवर व्यायाम नको, ओझं उचलायचं नाही. नस फारच दबलेली निघाली तर ऑपरेशनही करावं लागेल आणि मग तीन महिने जपावं लागेल.

तीन महिने. लेकीचे दिवस भरायला दोन महिने आणि थोडे दिवस उरले होते.

परतीच्या एसटीत मालक खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, “पायात ताकदच न्हाई म्हनत्यात. मंग इतकी वर्सं रानात चाललीस कशी तू?”

मला माहीत होतं की ताकद आहे. आडदांड म्हशीला मी पायानेच बाजूला सारते. बाजरीचं पोतं पायाने भिंतीकडे सरकवते. पण हे आता सांगायचं कसं? एवढ्या शिकलेल्या माणसांनी कागदावर लिहिलेलं आणि मी म्हणायचं की तसं नाही, मी ढकललंच नव्हतं. का नाही ढकललं, म्हणून विचारतील. मी जन्मभर अशा वेळी गप्प बसत आले आहे. गप्प बसलं की गोष्ट निघून जाते, असा माझा अनुभव. ही गोष्ट निघून जाणार नाही, उलट माझी कमर कापेपर्यंत चालत येईल, हे कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं.

चार दिवसांनी एमआरआयची चिठ्ठी घ्यायला आम्ही परत गेलो. मॅडम लिहीत होत्या. मालकांना गप्प बसवत नाही, त्यांना कुणाशीही बोलायला लागतं. ते म्हणाले, “मॅडम, नवल बघा. हिच्या पायाला आमच्या गावात लई मान हाय. ही पायाळू हाय. कुनाला उसण भरली की हिलाच बलावत्यात.”

मॅडमचा पेन थांबला. “म्हणजे काय करतात?”

“पाठीला पाय लावती. तीनदा. मानूस उठून चालाय लागतं.”

“माणसांना पाय लावता तुम्ही?” मॅडमनी मला विचारलं.

मी मान हलवली.

“मग माझ्या हाताला का लावत नव्हता? मला त्या दिवशीपासून तेच कळत नाहीये. तुम्ही ताठ होत होता, घामाघूम होत होता, आणि हातावर काहीच येत नव्हतं.”

मी मालकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, लेकीचं पोट डोळ्यासमोर आलं नसतं तर मी तेव्हाही बोलले नसते. जमिनीकडे बघत म्हटलं, “पाठीला लावते तवा पाया पडती. तुमच्या पाया पडू कशी? तुमी माझा पाय धरलेला.”

मॅडमनी पेन खाली ठेवला. मग मॅडम सावकाश म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही ढकललंच नव्हतं.”

“न्हाई.”

“दोन्ही पायांनी?”

“दोन्ही पाय माझेच हायेत की.”

मालक हसले. मॅडम हसल्या नाहीत, डोक्याला हात लावून बसल्या. मग त्यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, “चला, पडा पाया. आधीच पडून घ्या. दहा वेळा ढकलायचंय, दहा वेळचं एकदम पडा.”

मी खरोखर बाकावरून उतरले आणि त्यांच्या पाया पडले. माझ्या लेकीच्या बरोबरीच्या पोरीच्या. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं, तेव्हा त्यांचं तोंड जरा लाल झालं होतं. मी बाकावर बसले. त्यांनी हात लावला. मी ढकललं. चाकाचं स्टूल मागे गेलं आणि मॅडम औषधांच्या कपाटावर जाऊन टेकल्या.

“हं,” त्या तिथूनच म्हणाल्या. “कमर चांगली आहे.”

त्या उठून मोठ्या डॉक्टरांना सांगून आल्या. मग परत तपासणी झाली. डाव्या पायात भरपूर ताकद, उजव्यात त्याच्या निम्मी. आता दुखणं जिथे होतं तिथे सापडलं.

त्या दिवशी मॅडमनी जे सांगितलं ते मी अजून मनात घोळवते. मला वाटायचं, पाय म्हणजे हाड, मांस आणि कातडी. त्या म्हणाल्या, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाला हाड बांधणाऱ्या दोऱ्या असतात. सरीत पाय दुमडला तेव्हा त्या ताणून फाटल्या. दोऱ्या पुन्हा जुळून येतात. पण त्या नुसत्या दोऱ्या नसतात. त्यांच्यात खबर देणारे असतात. पाय कलला, जमीन तिरपी आहे, बोटं वर झाली, टाच उचलली, ही खबर ते क्षणाक्षणाला डोक्याकडे धाडतात आणि डोकं पोटरीला हुकूम देतं की सावर. आपल्याला काहीसुद्धा न कळता हे चालू असतं.

“तुमच्या दोऱ्या सांधल्या मावशी, पण खबरे झोपलेत. पाय कलतो आणि खबर उशिरा पोचते. तोवर तुम्ही खाली.”

“त्यांना उठवायचं कसं?” मी विचारलं. मी. आपण होऊन.

“एका पायावर उभं राहून,” मॅडम म्हणाल्या.

जन्मभर मी चालले, कुणाच्या तरी हुकमाने पाऊल उचललं गेलं, आणि ते मला माहीतच नव्हतं. घरी आल्यावर मी माजघरात दाराच्या चौकटीला हात धरून उजव्या पायावर उभी राहिले आणि खाली बघितलं. काटा काढण्यापुरतं, भेगांत मेण भरण्यापुरतं मी पायाकडे बघत असे, एरवी कधीच नाही. त्या दिवशी पाहिलं. पावलाच्या वरच्या अंगाला बोटांकडे जाणाऱ्या शिरा एकामागून एक उठत होत्या आणि बसत होत्या. अंगठा जमीन दाबत होता, मग करंगळी, मग परत अंगठा. घोटा थोडा इकडे, थोडा तिकडे. मी नुसती उभी होते, काही करत नव्हते, आणि खाली एवढं काम चाललं होतं. मला वारूळ आठवलं. वरून बघावं तर मातीचा ढीग, आणि आत किती धावपळ.

डोळे मिटले की मात्र सगळं जाई. चार आकडे मोजेपर्यंत पाय टेकावा लागायचा. मॅडम म्हणाल्या, डोळ्यांनी इतके दिवस पायाचं काम अंगावर घेतलंय, ते काढून घ्यायचं. मला ते खरं वाटलं. मी दोन वर्षं जमीन बघत चालत होते, बघून बघून पाऊल टाकत होते, आणि तरी पडत होते.

रोज दोन वेळा व्यायाम. रबराचा पट्टा खाटेच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ओढायचं. टाचा उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं, आधी फरशीवर, मग घडी केलेल्या गोधडीवर. जाऊबाई भिंतीवरून बघायच्या.

“बगळा झाला बगळा. मासा घावला का गं?”

“न्हाई अजून.”

“घावला की सांग. रस्सा करू.”

आणखी एक व्यायाम होता, तो मॅडमनी सांगूनही मी केला नव्हता. पाय लांब करून बसायचं आणि अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढायची. घोटा सगळीकडून फिरतो म्हणे. या वेळी मी गप्प बसले नाही. “मॅडम, अक्षर पायानं न्हाई काढत. कागदाला पाय लागला तर आमी पाया पडतो.” मॅडम म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी अजून एक चिठ्ठी लिहिली असती. नुसते गोल काढा.”

मी गोल काढत होते. उजवीकडून, डावीकडून. एका दुपारी लेक आत झोपली होती, मी भिंतीला टेकून पाय हलवत होते आणि माझं लक्ष दुसरीकडेच होतं. गोल काढता काढता अंगठा खाली आला, वळला, उभा उतरला आणि थांबला. मी बघितलं. पायाने ‘व’ काढला होता. गोल आणि उभी रेघ. मी नको म्हटलं होतं, पण तो काढून मोकळा झाला होता. मी हात जोडले. मग इकडेतिकडे बघितलं आणि म्हटलं, आता काढलाच आहे तर बघू तरी. अ काढला. क काढला. सगळे आले.

मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत माझा ळ वेगळा होता. बाकीच्या मुली डावीकडून काढायच्या, मी उजवीकडून सुरू करून डावीकडे जायचे. गुरुजींनी हातावर छड्या मारल्या तरी सुटला नाही. त्या दुपारी पायाने ळ काढला तो उजवीकडून. मी पुन्हा काढला. तसाच. माझ्या पायाने कधी पाटी बघितली नाही, त्याला कुणी छडी मारली नाही. मग माझी चूक त्याला कुणी सांगितली?

मी उठून लेकीच्या जुन्या वहीचं मागचं पान घेतलं आणि हाताने ळ लिहिला. बचत गटाची सही सोडली तर मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. ळ तसाच आला. हाताचा आणि पायाचा एकच. मी पानाकडे बघत बसले. अंगात कुठेतरी एक जागा आहे, हाताचीही नाही आणि पायाचीही नाही, आणि चाळीस वर्षं तिथे माझा ळ ठेवलेला होता. मोठ्या देवळात गाभाऱ्यापाशी पोचल्यावर वाटतं तसं वाटलं. त्या वहीच्या मागच्या पानांवर मी तेव्हापासून थोडं थोडं लिहिते. कुणाला दाखवत नाही.

मॅडमना हे पुढच्या वेळी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी ही अक्षरं कित्येक पेशंटना काढायला लावली मावशी. हे कधी लक्षात नाही आलं माझ्या.” आणि त्यांनी स्टुलावर बसूनच बूट काढला आणि पायाने हवेत स्वतःची सही केली. आम्ही दोघी त्यांच्या पायाकडे बघत होतो.

सहाव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “मावशी, तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय?” मी सांगितलं. तीन पायऱ्या आणि अंगण. किती वजन, म्हणाल्या. मी म्हटलं, बाळाएवढं. मग त्यांनी सांगितलं तसं मी तीन किलो बाजरी एका पिशवीत भरली, तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि कवेत घेतलं. हातात काही असलं की पाय दिसत नाहीत, हे तेव्हा कळलं. बाळ कवेत घेतलं की सगळ्या बायका आंधळ्याच चालतात. मी बाजरी घेऊन एका पायावर उभी राहिले. बाजरी घेऊन पायऱ्या उतरले. बाजरी घेऊन वरंब्यावरून चालले. रानातल्या बायका हसल्या. एक म्हणाली, “कुनावर गेलंय गं?” मी म्हटलं, “जात्यावर.” त्या इतक्या हसल्या की मला माझंच नवल वाटलं, मी असं बोलले म्हणून.

लेक हे सगळं बघत होती. एकदा मी पायरीवर असताना दारात येऊन उभी राहिली. तिने आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. मी विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत पाय दोनदा कलला, पण मी पडले नाही. मॅडम म्हणाल्या, खबरे उठलेत, पण रोज हाका माराव्या लागतील.

लेकीला मुलगी झाली. नगरच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी आणली. ठरल्याप्रमाणे जाऊबाई तिला उचलून न्हाणीत आणत, मी पाटावर पाय लांब करून बसलेली असे आणि त्या तिला माझ्या नडग्यांवर ठेवत. एवढंसं अंग, पाणी पडलं की मुठी आवळायची. आंघोळ मी घालायचे, नेणं-आणणं जाऊबाई करायच्या. आठ दिवस असं चाललं. मी एकदाही मी नेते म्हटलं नाही. ते लेकीनेच म्हणायला हवं होतं, असं मला वाटत होतं.

नवव्या दिवशी पाणी तापलं आणि जाऊबाई आल्या नाहीत. त्यांच्या माहेरून निरोप आला होता, पहाटेच गेल्या होत्या. बाळाला रोजची वेळ कळायला लागली होती, ते रडून लाल झालं. लेक खाटेवर बसून त्याला थोपटत होती. ती खाली वाकू शकत नव्हती, टाके ओले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, आणि दोन्ही हात पुढे केले.

“घे,” ती म्हणाली. “मी मागं येते.”

मी बाळ कवेत घेतलं. डोकं माझ्या कोपराच्या घडीत. पायऱ्या उतरले, एक, दोन, तीन. लेक मागे होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या, त्यावरून कळत होतं की तिचे हात पुढे आहेत, मला धरायला. अंगणात आले. बाळ रडायचं थांबलं आणि वर आभाळाकडे बघायला लागलं, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. चौथी का पाचवी फरशी असेल, ती पायाखाली हलली. उजवा पाय बाहेरच्या अंगाला गेला.

आणि परत आला. मला कळायच्या आत. भीती वाटायला वेळच मिळाला नाही, ती मागून आली, सगळं झाल्यावर. तोवर पाय सरळ होता, पोटरी ताठ होती, बाळ कवेत जिथल्या तिथे होतं. माझ्याआधी माझ्यात कुणीतरी जागं होतं. त्याने कलणं ओळखलं, निरोप पाठवला, हुकूम आणला आणि मला सावरलं, आणि हे सगळं एक पापणी लवायच्या आत. मी उभी राहिले. पाऊल पुढे टाकायचं सुचेना.

मागच्या बांगड्या गप्प झाल्या होत्या. लेकीने ते कलणं पाहिलं होतं. आता ती बाळ मागून घेईल, असं मला वाटलं. मी वळले नाही.

“आई,” ती म्हणाली, “पंचा राहिला. घेऊन येते. तू हो पुढं.”

आणि ती मला आणि बाळाला अंगणात सोडून सावकाश पायऱ्या चढून आत गेली.